प्रार्थनेत व्यत्यय नको

आयर्लंडमधल्या स्लायगोत उल्काच्या शेजारी डॉनल नावाचे म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. रविवारी दुपारी शिऱ्याची वाटी घेऊन ती त्यांच्या मागच्या दाराने आत गेली, तर ते स्वयंपाकघरात गुडघ्यांवर होते. कपाळ खुर्चीवर टेकलेलं, मुठीत जपमाळ, तोंडातून अस्पष्ट पुटपुट. पूजेत बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हे उल्काला लहानपणापासूनचं वळण. तिनेही क्षणभर हात जोडले, वाटी ओट्यावर ठेवली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सुनावलंच, "भक्ती बघायची तर डॉनलकाकांची बघ! नाहीतर आपण, सोफ्यावर लोळत आरती ऐकणारे."

दुसऱ्या दिवशी कळलं, डॉनलकाका आदल्या दुपारीच गेले.

अंत्यदर्शनाला त्यांच्या घरी रांग लागली होती. गॉलवेहून आलेली त्यांची मुलगी ब्रीडा शवपेटीशेजारी उभी होती. "शेवटच्या क्षणी डॅडीजवळ कुणीच नव्हतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. उल्काने तिचा हात हातात घेतला.

"असं मनाला लावून घेऊ नकोस गं. मी त्या दुपारी आले होते ना. गुडघे टेकून प्रार्थना करत होते ते. देवाचं नाव घेतच गेले."

ब्रीडाने हात हळूच सोडवून घेतला.



"गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून डॅडी खुर्चीत बसूनच प्रार्थना करायचे, उल्का. त्यांना गुडघे टेकताच येत नव्हते."