सत्कारमूर्ती

“आज काही बोलायचं नाही,” गाडी पार्क करता करता चंद्रशेखर म्हणाले. “सोमवारी बघू.”

अनिश शेजारच्या सीटवर गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसला होता. दोघं लंडनमधल्या एजवेअरहून निघाले तेव्हा तो अमेरिकेतला, हातात चेंडू घेऊन पळायच्या तिकडच्या फुटबॉलचा, व्यावसायिक खेळाडू होता. मिल्टन कीन्समधल्या चौथ्या राउंडअबाउटला फोन आला आणि सातव्यापर्यंत तो कुणीच नव्हता. क्लबचा माणूस फार सभ्यपणे बोलला. त्यानं दोनदा थँक यू म्हटलं.

“बाबा, मी खोटा नाही बोलणार.”

“खोटं,” चंद्रशेखर म्हणाले. “खोटं बोलूच नकोस. नुसतं बोलू नकोस.”

मराठी मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पुढच्या दोन रांगा व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्यांच्यामागे आयटीतली मंडळी, आणि दाराजवळ लवकर निघायचं घरूनच ठरवून आलेले लोक. अध्यक्ष सुप्रभाताईंनी ओळख करून दिली. माहिती त्यांनी स्वतः इंटरनेटवरून काढली होती.

“आपले सत्कारमूर्ती अनिश हे अमेरिकेत तीन वर्षं ‘रनिंग बॅक’ आहेत. म्हणजे धावत जायचं आणि धावत परत यायचं.”

टाळ्या पडल्या. रनिंग बॅकला परत यायचं नसतं. चेंडू बगलेत दाबून, समोरून येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांमधून पुढे घुसायचं असतं. ती माणसं आपटतात, मग उठून पुन्हा तेच करायचं असतं. चंद्रशेखर गुडघ्यांचे सर्जन होते. या कामात गुडघे किती वर्षं टिकतात हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुलानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मंडळाच्या ग्रुपवर मॅचच्या क्लिप मात्र न चुकता तेच टाकत. हॉलमधल्या बहुतेक मुलांना सत्ताविसाव्या वर्षी पहिला वर्क व्हिसा मिळाला होता. अनिशचं सत्ताविसाव्या वर्षी सगळं आटोपलं होतं.

अनिशची आई शैला हॉस्पिटलमध्ये ऑन-कॉल होती, त्यामुळे पालक म्हणून चंद्रशेखर एकटेच स्टेजवर उभे राहिले. सुप्रभाताईंनी अनिशला शाल पांघरली. त्या खांद्यांवर ती शाल न वाटता उपरण्यासारखी दिसायला लागली. मग त्यांनी श्रीफळ दिलं. अनिशनं ते घेतलं आणि विचार न करता डाव्या बगलेत बरगडीशी दाबून धरलं, कोपर आत.

“नारळ जरा पुढे धर की रे,” फोटो काढणारा अवधूत म्हणाला. “दिसत नाहीये.”

“सॉरी. हॅबिट आहे,” अनिश म्हणाला. पण हात काही सैल झाला नाही.

“आता सांग बाबा,” सुप्रभाताईंनी माइक पुढे केला, “पुढच्या सीझनला किती रन्स काढणार?”

अनिशनं माइक तोंडाशी नेला, तसाच खाली आणला आणि वडिलांसमोर धरला.

“बाबा, मला शब्द नाही येत. तू सांग.” मग हळूच म्हणाला, “खरा सांग. प्लीज.”

माइक चंद्रशेखरांच्या हातात आला. ‘बोलणी चालू आहेत’ हे वाक्य त्यांनी गाडीतच तयार करून ठेवलं होतं. वाक्य छोटं होतं, व्याकरणशुद्ध होतं. मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते ऐनवेळी सापडेना.

“आज,” ते म्हणाले, “याला नारळ मिळाला.”

टाळ्यांनी हॉल दणाणला. नारळ तर सगळ्यांना समोरच दिसत होता. चंद्रशेखरांना क्षणभर स्वतःच्या हुशारीचं बरं वाटलं. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पहिल्या रांगेत मंडळातल्या अपूर्वचे वडील बसले होते. इचलकरंजीचे, लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. ते टाळ्या वाजवत नव्हते.

“कुणी दिला, डॉक्टर?” त्यांनी विचारलं.

पुढच्या दोन रांगांचे हात थांबले. मागच्यांना प्रश्न ऐकूच गेला नव्हता, ते वाजवत राहिले.

“क्लबनं,” चंद्रशेखर म्हणाले. माइक चालू होता. “दुपारी, फोनवर. काढून टाकलं त्याला.”

मग मागचेही थांबले. कुणीतरी एकटाच आणखी दोनदा वाजवून गप्प झाला. सुप्रभाताई हातातल्या कागदावर पुढचा कार्यक्रम शोधू लागल्या.

“वय काय याचं?” अपूर्वच्या वडिलांनी विचारलं.

“सत्तावीस.”

“मला सूतगिरणीनं बावन्नाव्या वर्षी दिला,” अपूर्वचे वडील म्हणाले. “हा लवकर सुटला म्हणायचं.” त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. “ये रे. बस इथं.”

अनिश स्टेजच्या पायऱ्या उतरला आणि त्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. शाल एका खांद्यावरून घसरली होती. कुणी पाडत नाही तोवर खाली जायचं नाही, एवढंच त्याला तीन वर्षं शिकवलं होतं. त्यानं मागे वळून वडिलांकडे पाहिलं. चंद्रशेखर माइक धरून तसेच उभे होते.

मग तो आपणहून खाली बसला.