खोकल्याचं निमित्त

रविवारी दुपारी चार वाजता कणकवलीच्या दत्ताराम पेडणेकरांनी कॅरमचा डाव मध्येच थांबवला. समोरच्या खुर्चीत जुना मित्र उस्मान मुजावर ताठ बसला होता, म्हणजे यंत्राने उभी केलेली त्याची प्रतिमा. खरा उस्मान मिरजेत, आपल्या घरी. त्याने तिथे स्ट्रायकर मारला की इथल्या बोर्डावरच्या सोंगट्या आपोआप हलत.

आता राणी भोकाच्या तोंडाशी अडली होती. एकाच बोर्डावर खेळत तेव्हा अशा वेळी उस्मान हमखास खोकायचा आणि त्या फुंकरीने राणी आत घालायचा.

"खोक की, चोरा! म्हातारपणी प्रामाणिक झालास?"

प्रतिमा हसली. "दिवाळीपासून खोकतोय, दत्ता. हे यंत्र तुला ऐकू देत नाही. माझं सगळं नीटनेटकं करून दाखवतं."

"बंद कर ते."

उस्मानने ती सुधारणा बंद केली. खुर्चीत एक वाळलेला माणूस उरला. त्याचे हात थरथरत होते. यंत्र रूप सुधारत होतं, नेम नव्हे. याच हातांनी तो दर रविवारी खेळला होता आणि बहुतेक वेळा जिंकलाही होता. दत्ताराम त्या हातांकडे बघतच राहिले.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"सांगतो. आधी तुझी पाळी खेळ."

दत्ताराम खेळले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिरजेची पहिली बस पकडली.

मुजावरांच्या दाराची बेल त्यांनी दुपारी दाबली. आत कुणीतरी खोकलं. खोकला दाराच्या दिशेने येऊ लागला, वाटेत थांबला, पुन्हा सुरू झाला. दार अजून उघडलेलं नाही.