उंबऱ्याबाहेर

गाढव ओरडलं तेव्हा सगळा चौक हसला. गाढव चौकात नव्हतंच; चर्चच्या भिंतीला टेकवलेल्या स्पीकरांतून ते ओरडत होतं. पण ते पानागोसचं आहे, हे कुणाला सांगावं लागलं नाही. लोकांनी त्याच्या पाठीत थापा मारल्या. स्तामाताचा हा धाकटा दीर एरवी कुणाशी धड बोलायचा नाही, तोही आज गालातल्या गालात हसला.

स्तामाता पहिल्या रांगेत बसली होती. का नाही बसणार? तिची फोतिनी अथेन्सहून यायची आणि गावातले आवाज गोळा करत हिंडायची. आता त्याच आवाजांचं तिने संगीत रचलं होतं. ना व्हायोलिन, ना गाणारं कुणी. ऑलिव्हच्या घाण्याचा दगड, शेजारच्या कानेलाचा माग, विहिरीचा रहाट, उतू जाणाऱ्या कॉफीचं चुर्र. ज्याचा आवाज, त्याला विचारून घेतलेला. बकरीच्या घंटेसाठीही पोरगी परवानगी मागते, म्हणून गावाने तिची टर उडवली होती.

मग एक दार करकरलं. स्तामाताने ते ओळखलं. तिच्याच निजायच्या खोलीचं. त्यामागून एका बाईचा लांबवलेला, कापरा सूर आला.

"उठ लिगोरी, दार लाव. मारायच्या आधी लावायचास ना? आज उघडं राहिलंय. उठ, लाव."

आवाज स्तामाताचा होता.

तिच्या नवऱ्याला, लिगोरिसला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्या प्रेताशी बसून ती हे बोलली होती. त्यांच्याकडे मेलेल्या माणसासाठी बायका गाऊन रडतात, आणि रडता रडता जन्मभर पोटात ठेवलेलं त्याला ऐकवून मोकळ्या होतात. बायका आत, पुरुष अंगणात. आत बोललेलं कुणी उंबऱ्याबाहेर नेत नाही. कानेला तेव्हा तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती, पण नंतर त्याबद्दल अवाक्षरही तिने काढलं नाही. फोतिनीही शेजारीच होती, मांडीवर पर्स घेऊन. आवाज टिपायचं यंत्र चालू नाही ना, असं स्तामाताने तिला विचारलंसुद्धा होतं. बापाच्या उशाशी कुणी रेकॉर्डर चालू ठेवेल का, म्हणत लेक तिच्या गळ्यात पडून रडली होती.

ती ओळ पुन्हा आली. मग पुन्हा. सुराखाली घाण्याचा दगड फिरत राहिला. अथेन्सची पाहुणेमंडळी डोळे मिटून डोलत होती. गावातलं कुणी डोललं नाही. पानागोस मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. पुरुषांच्या रांगेतून एकेक नजर स्तामाताकडे यायची आणि घाईने मागे फिरायची. भर चौकात कुणी अंगावरचं वस्त्र ओढावं तसं तिला झालं, आणि ओढणारी पोटची पोर. गाल सुजला की दाढ दुखतेय म्हणून सांगायची ती. लोक ते मानायचे. निदान मानल्यासारखं दाखवायचे. तेवढ्या आधारावर ती या गावात ताठ मानेने वावरली होती.

टाळ्या झाल्या. फोतिनी धावत आली, डोळे भरलेले. तिने आईचे दोन्ही हात धरले. या रचनेत जीव आहे तो तुझ्यामुळेच, असं सगळे म्हणताहेत, असं काहीबाही ती सांगू लागली. स्तामाताने हात सोडवून घेतले.

"तुझ्यावर काय गुजरलं ते कुणीतरी बोलायला हवं होतं, आई."

"मी बोलले होते."

"तो मेल्यावर? मी पलंगाखाली कान झाकून पडलेली असायचे. ते माझंही आहे."

पोर झोपलेली असते, असंच स्तामाता इतकी वर्षं समजत आली होती. त्या क्षणी तिने लेकीला जवळ घेतलंही असतं. पण मागे कानेला उठली, तिच्यापाठोपाठ बाकीच्या बायका. फोतिनीकडे कुणीच बघेना. गावातल्या किती मयतांना ती पर्स घेऊन आत बसली होती, ते प्रत्येकीला आठवत असणार.

"मग तुझं तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने," स्तामाता म्हणाली. "माझं कशाला चोरलंस? बापाने मारलं ते दार लावून. तू तर गाव गोळा केलंस."

अथेन्सचं कुणीतरी फोतिनीला फोटोसाठी हाका मारत होतं.

"मी गेले की माझ्या उशाशी यायचं नाही."

"आई, मी एकुलती एक तुझी. मीच नाही रडायचं तुझ्यासाठी?"

"रड की," स्तामाता म्हणाली. "अंगणात. पुरुषांबरोबर."