उरलेली खांदमळणी

पोळ्याच्या सकाळी रामकिसनने शेणाची पाटी उचलली, तेवढ्यात कौसल्या आडवी आली.

"आज शेण टाकीत जायचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "पोळ्याला बैलांकडून काम घ्यायचं नसतं."

"काम कसलं? दहा वर्षांत त्यांच्या मानेवर जू चढलेलं नाही."

"मग शेण देणं हेच त्यांचं काम झालं की. त्याच्यावरच तर तुमचा ट्रॅक्टर चालतो."

रामकिसनने पाटी खाली ठेवली. टाकीतले नवे जिवाणू तासाभरात शेणाचा गॅस करत आणि त्या गॅसवर बिनचालकाचा ट्रॅक्टर नांगरणीपासून फवारणीपर्यंत सगळं उरकत असे. शेण नाही म्हणजे गॅस नाही. सोयाबीनवर तर अळी चढलेली. फवारणी आजच हवी, असं ट्रॅक्टरने पहाटेच मोबाइलवर कळवलं होतं.

बैल झूल पांघरून पुरणपोळी खात होते. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. रामकिसनने माळ्यावरून पाठीवरचा जुना पंप काढला आणि दिवस मावळेपर्यंत दोन एकर एकट्याने फवारलं.

अंघोळ करून तो ओसरीवर आला तेव्हा दोन्ही खांदे पट्ट्यांनी सोलवटलेले होते. कौसल्याने आतून वाटी आणली. काल बैलांचे खांदे मळून उरलेलं हळद-लोणी तिच्यात होतं.

"त्यांना लावलं ते शास्त्रापुरतं," ती म्हणाली. "त्यांच्या खांद्याला घट्टाच राहिला नाही. बसा इकडं."

रामकिसन पाटावर बसला आणि त्याने मान खाली घातली.