काळी चार

"सर, रविवारी तंबोऱ्याचं यंत्र नको. खरे तंबोरे आणतोय आम्ही," मैत्री म्हणाली आणि दशरथ सरांच्या हातातला चहा बशीत सांडला.

सरांच्या पत्नी, गायिका सुशीलाबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मैत्री आणि त्यांच्या इतर विद्यार्थिनींनी कोथरूडमध्ये एक छोटं सभागृह ठरवलं होतं. सकाळी बाईंचं गाणं, पेटीवर अर्थातच सर, मग उपमा आणि कॉफी. बाई खुशीत होत्या. सरांची मात्र झोप उडाली, कारण तंबोरे मैत्री लावणार होती आणि ती ते काळी चारला लावणार होती.

काळी चार ही बाईंची पट्टी. पेटीवरच्या त्या चौथ्या काळ्या सुराला 'सा' मानून त्या जन्मभर गायल्या. तरुणपणी त्यांनी एका थकलेल्या गायिकेला पट्टी उतरवून गाताना ऐकलं होतं आणि त्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "माझ्यावर ही वेळ आली की मी गाणं थांबवीन." बाईंचा शब्द म्हणजे शब्द. एकदा भांडणात 'शेपू पुन्हा करणार नाही' म्हणाल्या, तो त्यांच्या वारज्याच्या घरात आजतागायत शिजलेला नाही.

सरांचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. वस्तीतल्या विहारात भीमगीतांना साथ करता करता पोराचा हात पेटीवर बसला आणि कोणीतरी त्याला गाणं शिकवणाऱ्या अवधूतबुवांपुढे नेऊन उभं केलं. बुवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाजवता छान येतं तुला. गप्प बसता येतं का?" मग कितीतरी दिवस त्याला नुसतं ऐकायला बसवलं. साथ म्हणजे गाणाऱ्याच्या मागून चालणं. तो अडखळला तर सावरायचं, आणि सावरलं हे त्यालाही कळू द्यायचं नाही, असं बुवा सांगत. सुशीला तिथंच गाणं शिकायला यायची. पुढे दोघांचं लग्न झालं. सरांनी मोठमोठ्या गवयांची साथ केली, घरच्या क्लासात कितीतरी मुलं तयार केली. पण बुवांचा तो धडा खऱ्या अर्थानं त्यांच्या कामी आला तो घरातच.

काही वर्षांपूर्वी बाईंचा आवाज वरच्या 'सा'ला चिरकू लागला. सर एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांची पेटी स्केलचेंजर. खटका उचलला की स्वरपट्ट्यांचा सगळा संच बाजूला सरकतो. बोटं काळी चारवरच दिसतात, सूर मात्र खालचा येतो. सरांनी पेटी अर्ध्या सुरानं उतरवली आणि शेजारचं तंबोऱ्याचं यंत्रही गुपचूप तितकंच खाली आणलं. त्यावरचे बारीक आकडे बाईंना चष्मा लावूनही दिसत नसत.

"आज गळा छान लागला, नाही हो?" गाणं झाल्यावर बाई म्हणाल्या.

"छानच," सर म्हणाले आणि त्यांनी पेटीचा भाता मिटला.

गेल्या वर्षी त्यांनी आणखी अर्धा सूर उतरवला. आता बाई काळी तीनला गात होत्या.

आताशा बाईंनी जलद ताना जवळजवळ सोडल्याच होत्या. वय झालं, दुसरं काय! सरांचीही बोटं आखडायची, पण बाईंच्या संथ लयीत ते खपून जायचं. बाहेरच्या मैफली त्यांनी केव्हाच बंद केल्या होत्या. बाई गात राहाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. गाणं सुटलेली सुशीला त्यांना कल्पनेतही बघवत नव्हती.

रविवारी बाई साडी सारखी करायला आत गेल्या, तसे सर मैत्रीजवळ आले.

"तंबोरे काळी तीनला लाव."

मैत्री बघतच राहिली. सरांनी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. "बाईंनी विचारलं तर काळी चार म्हण. माझ्यासाठी एवढं कर, बाळा."

"हो सर," मैत्री म्हणाली आणि मान खाली घालून खुंट्या पिळू लागली.

बाई येऊन बसल्या. त्यांनी तंबोऱ्याकडे कान दिला. सरांचा भात्यावरचा हात थांबला.

"सुरेख लागलाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

तोडी रंगली. वरच्या 'सा'वर त्या अशा ठाम उभ्या राहिल्या की सरांनीच सगळ्यांआधी 'वा' म्हटलं. शेवटी लय वाढली, तेव्हा बाईंनी दोनच छोट्या ताना घेतल्या, सरांकडे बघून हसल्या आणि गाणं संपवलं. टाळ्या थांबेनात.

लोक उपम्याकडे वळले. बाईंभोवती गराडा पडला. मैत्री तंबोऱ्यांना गवसणी घालत होती.

"वाचवलंस गं," सर तिच्याजवळ जाऊन म्हणाले. "कळलं असतं तर आजच गाणं थांबवलं असतं तिनं."

मैत्रीनं हातातली गवसणी खाली ठेवली. "सर, बाईंनी शपथ घातलीये, पण माझ्याच्यानं राहवत नाही. तंबोरे काळी तीनला लाव, हे तुमच्या आधी त्यांनीच मला सांगितलं होतं."

"तिनं? तिला माहितीये?"

"पहिल्या दिवसापासून. तुमची बोटं अडखळायला लागली म्हणून ताना सोडल्या, म्हणाल्या. मी विचारलं, बाई, मग तुम्ही दिलेल्या शब्दाचं काय? तर म्हणाल्या, 'पाळला की गं! माझं गाणं मी तेव्हाच थांबवलं. आता मी त्यांची साथ करते.'"