पायरीवरची दहा मिनिटं

मिरजेहून बाबांची गाडी बघायला आलेल्या खोतांनी इंजिन बंद केलं आणि लगेच बॉनेट उघडून ऑइलची पट्टी उपसली.

"आत्ता नाही," पायरीवरून आई म्हणाली. "दहा मिनिटं थांबा. ऑइल खाली उतरू दे."

मी बघतच राहिले. हे वाक्य बाबांचं होतं. ते जाऊन दोन वर्षं झाली. गाडी नुसती जागा अडवतेय म्हणून मीच विकायला काढली होती, आणि आईला तर चालवताही येत नाही.

दहा मिनिटांनी आईने धुतलेल्या फडक्याने पट्टी पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर होतं.

"निगा चांगली राखलीय," खोत म्हणाले. "कोण बघतं?"

"मीच. दर रविवारी चालू करते, बंद करते आणि इथं बसते. ऑइल उतरेपर्यंत ते माझ्याशी बोलत बसायचे. एरवी त्यांना सवड कुठं होती?"

"घेतो मी गाडी."

आईने फडक्याची घडी करून त्यांच्या हातात दिली.

"ती दहा मिनिटं मोबाइलवर घालवू नका. वहिनींना बाहेर बोलवत जा."