एकवीस चिठ्ठ्या

कबड्डी संघाला पन्नास वर्षं झाली, म्हणून आजवरचा सर्वांत लाडका खेळाडू निवडायचं ठरलं. एकवीस जुन्या गड्यांनी चिठ्ठीवर एकेक नाव लिहून स्टीलच्या डब्यात टाकलं.

"मधू घाग," चिटणीसांनी पहिली चिठ्ठी वाचली.

अठ्ठ्याऐंशीच्या जिल्हा अंतिम सामन्यात, समोरच्या संघाच्या शेवटच्या चढाईला, चढाई करणाऱ्या गड्याचं बोट मधूच्या पाठीला निसटतं लागलं होतं. पंचांनी पाहिलं नव्हतं. मधूनं आपणहून हात वर केला आणि बाद होऊन मैदानाबाहेर गेला. त्या एका गुणानं चषक हातचा गेला. मग त्याला कुणी सरावाला बोलावलं नाही. तो समोरून येताना दिसला, की गडी रस्ता बदलायचे.

दुसऱ्या चिठ्ठीवर मधू घाग. तिसऱ्यावरही.

"तुम्ही सगळ्यांनी ठरवून केलंय काय रे हे?" तेव्हाचा कप्तान वैतागून म्हणाला.

"मी तर घरीसुद्धा बोललो नाही," शेजारचा पुटपुटला.

एकवीसच्या एकवीस चिठ्ठ्यांवर तेच नाव निघालं. मधूला मत देणारे आपण एकटेच, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

चिटणीसांनी डब्याचं झाकण लावलं. "गावातच राहतो तो, देवळामागे. सत्काराला या म्हणून सांगायला कोण जातंय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.